घानात सरकारं मतपेटीतून बदलतात, मग नळ कोरडा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घानात 1992 पासून दर चार वर्षांनी निवडणूक होते, सत्ताधारी हरले तर खुर्ची सोडून घरी जातात. आफ्रिकेतली चांगली लोकशाही म्हटलं की लोक त्याच देशाकडे बोट दाखवतात. मग पाणी, रस्ते, दवाखाने यांची रड का संपत नाही? लोक नेते चुकीचे निवडतात, की तिथली लोकशाही नुसती वरवरची आहे?

मी पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर. मराठवाड्यात चौदा वर्षं नळयोजना केल्या. नंतर अकरा वर्षं उत्तर घानात, तमाले शहरात राहून, छोट्या गावांच्या योजनांचं काम पाहिलं. राजकारणाचा अभ्यासक नाही. पण पाण्याच्या माणसाला राजकारण चुकत नाही. टँकर आधी कुठल्या वाडीला जायचा यावरून झालेली भांडणं पाहिलेल्या कुठल्याही शाखा अभियंत्याला विचारा.

माझ्या मते दोन्ही तर्क चुकतात. घानाच्या मतदाराने आपलं मत डोळ्यांदेखत मोजून घ्यायची सोय करून घेतली आहे. पैसा मात्र त्याच्या डोळ्यांदेखत मोजला जात नाही, आणि तो पैसा खर्च करणारा जिल्ह्याचा मुख्य माणूस त्याने निवडलेला नसतो. घोळ इथे आहे.

आधी निवडणूक सांगतो. ती पाहिल्याशिवाय पुढचं पटायचं नाही. 7 डिसेंबर 2020. आमच्या वस्तीतलं मतदान केंद्र म्हणजे प्राथमिक शाळेचा व्हरांडा. पहाटे फिरायला निघालो तर रांगेत माणसं कमी आणि दगड जास्त. एकामागे एक मांडलेले दगड, मधेच एखादी चप्पल, एक फुटकी बादली. ज्याचा दगड त्याला ठाऊक. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. करोनाचे दिवस होते, त्यामुळे दाराशी 'व्हेरोनिका बकेट' ठेवलेली. बादलीला खाली तोटी बसवलेली ही घानाचीच युक्ती, नळ नसलेल्या ठिकाणी हात धुवायला. सात वाजता मतदान सुरू झालं तेव्हा दगडांच्या जागी माणसं उभी राहिली, एकही भांडण न होता.

मतदान कागदावर होतं. उमेदवाराच्या फोटोसमोर अंगठा उमटवायचा. ओळख पटवायला तेवढं बोटाचा ठसा घेणारं यंत्र आहे, ते 2012 पासून. पाच वाजता मतदान संपलं की पेटी कुठेही हलत नाही. तिथेच टेबल मांडून उलटी करतात. आमच्याकडे ते टेबल कडुनिंबाखाली होतं. (हा कडुनिंब आपलाच. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातून तिकडे गेला आणि आता उत्तर घानात जिकडेतिकडे दिसतो.) केंद्राध्यक्ष एकेक मतपत्रिका उचलून सगळ्यांना दाखवतो, कोणाला मत ते सांगतो, आणि दोरीपलीकडे उभी असलेली शे-दोनशे माणसं एका सुरात आकडा म्हणतात. अंधार पडला तसे लोकांनी मोबाइलचे दिवे धरले. एका मतपत्रिकेवर अंगठा दोन रकान्यांच्या बरोबर मधे पडला होता. तिच्यावर दहा मिनिटं वाद झाला, आणि ती बाद झाली. मग निकालाचा तक्ता भरला, पक्षांच्या एजंटांनी सह्या केल्या, प्रत्येकाच्या हाती त्याची गुलाबी प्रत पडली. हीच ती 'पिंक शीट'. एक प्रत भिंतीवर लागली, पोरांनी तिचे फोटो काढले, आणि थोड्या वेळात स्थानिक एफएम रेडिओवर आमच्या शाळेचा आकडा ऐकू आला.

देशभरात अशी जवळपास चाळीस हजार केंद्रं, म्हणजे केंद्रामागे सरासरी साडेचारशेच्या आसपास मतदार. वर राजधानी अक्रामध्ये कोणी बेरीज फिरवायची म्हटली तर खाली गावोगाव कागद पडलेला आहे.

या कागदाची खरी कसोटी 2013 मध्ये लागली. 2012 ची निवडणूक जॉन महामांनी 50.7 टक्के मतांनी जिंकली, आणि हरलेले नाना अकुफो-अडो सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी टीव्हीवर थेट. तमालेच्या न्हाव्याच्या दुकानातही तेच चाललेलं असायचं, गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेली ठेवून पिंक शीटवर वाद घालायचं. याचिकाकर्त्यांचे मुख्य साक्षीदार महामुदू बावुमिया. उलटतपासणीत त्यांचं पालुपद एकच, की तुम्ही आणि मी तिथे नव्हतो, पुरावा कागदावर आहे. ते वाक्य इतकं गाजलं की गाडीला पोचा कसा आला असं विचारल्यावर आमचा ड्रायव्हरही तेच ऐकवायचा. 29 ऑगस्टला याचिका फेटाळली गेली. अकुफो-अडोंनी निकाल पटला नाही असं सांगून तो मान्य केला, महामांना फोन केला, आणि 2016 मध्ये मतपेटीतूनच राष्ट्राध्यक्ष झाले. 2024 मध्ये अकुफो-अडोंच्याच पक्षाकडून स्वतः बावुमिया उमेदवार होते. आपल्या पक्षाने गोळा केलेल्या आकड्यांवरून हरल्याचं दिसताच त्यांनी मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अधिकृत निकालाची वाट न पाहता, महामांचं अभिनंदन केलं.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. 2020 मध्ये टेचिमन साउथला मतमोजणीच्या वेळी गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच निवडणुकीत सान्त्रोकोफी, अक्पाफू, लिक्पे आणि लोलोबी या भागातल्या लोकांना खासदारासाठी मतच देता आलं नाही. नवे प्रदेश आखताना मतदारसंघाचा घोळ झाला आणि चार वर्षं त्यांना संसदेत कोणी वाली नव्हता. 2024 नंतर अक्राच्या अब्लेकुमा नॉर्थचा निकाल सात महिने लटकला, आणि 19 केंद्रांवर पुन्हा मतदान घेतलं तेव्हाही मारामारी झाली. तरी एकूण हिशेब करता आकड्यावर लोकांचा विश्वास बसेल अशी पद्धत त्यांनी उभी केली आहे, आणि ती तीस वर्षांच्या खटपटीतून.

आता त्या शाळेच्या व्हरांड्यातून उठून जिल्हा कचेरीत चला.

जिल्ह्याचा कारभार 'डिस्ट्रिक्ट असेंब्ली' पाहते. देशात अशा 261. तिच्यात 70 टक्के सभासद निवडून येतात, 30 टक्के राष्ट्राध्यक्ष नेमतात. सगळ्यांच्या वर असतो डीसीई, म्हणजे डिस्ट्रिक्ट चीफ एक्झिक्युटिव्ह. त्याचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि असेंब्लीने दोन-तृतीयांश मतांनी मान्यता द्यायची. आपल्याकडचा कलेक्टर आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष एकत्र करा, त्याला सत्ताधारी पक्षाचा कार्यकर्ता बनवा, म्हणजे डीसीईची कल्पना येईल. निवडून येणारे असेंब्लीमन बिचारे पक्षाच्या चिन्हाशिवाय उभे राहतात, माझ्या काळात पगार नव्हता, फक्त बैठकीचा भत्ता. लोक त्यांच्या दारात जातात, आणि ते डीसीईच्या दारात.

ही रचना आली कुठून? जेरी रॉलिंग्स यांच्या लष्करी राजवटीतून. 1988 मध्ये त्यांनी कायदा करून जिल्हा असेंब्ल्या आणल्या. तेव्हा राजकीय पक्षांवर बंदी होती, म्हणून निवडणुका बिनपक्षी आणि जिल्ह्याची चावी सरकारच्या हाती. 1992 च्या राज्यघटनेने पक्ष परत आणले, पण जिल्ह्यातली ही जुनी मांडणी जवळजवळ तशीच ठेवली. ती बदलायची म्हणून 17 डिसेंबर 2019 ला सार्वमत ठरलं होतं. अकुफो-अडोंचं ते 2016 चं आश्वासन होतं. विरोधकांनी 'नाही'चा प्रचार सुरू केला आणि अडीच आठवडे आधी सार्वमत रद्द झालं. आपण हसू नये. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर कित्येक वर्षं तिथेही प्रशासकच बसला होता.

याचा नळाशी संबंध काय, ते एका गावावरून सांगतो. गावाचं आणि जिल्ह्याचं नाव मुद्दाम देत नाही. वस्ती सहा-सात हजार. दोन बोअर, उंच टाकी, आठ सार्वजनिक नळकोंडाळी. प्रत्येक कोंडाळ्यावर पाणी विकायला एक बाई बसलेली, कारण तिकडे पाणी भांड्यावर मोजून पैसे घेतात. भांडं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं मोठं घमेलं, 'साइझ थर्टीफोर'. बाया ते भरून डोक्यावर घेतात आणि पाण्यावर एक प्लास्टिकची वाटी तरंगत ठेवतात, म्हणजे डचमळत नाही. दर होता घमेल्याला 10 पेसेवा (तिकडचे पैसे). विजेचा दर चढत गेला, आणि 10 पेसेवात वीजबिल भागवून दुरुस्तीसाठी काही उरेना. पाणी समितीने 15 करायचं ठरवलं. पण दराला असेंब्लीची मंजुरी लागते, आणि साल होतं 2016. निवडणुकीच्या वर्षात पाण्याचा दर वाढवायला कुठला डीसीई सही करील? तो म्हणाला, मोटर जळली तर मी आहे ना.

सप्टेंबरमध्ये मोटर जळली. डीसीई खरंच आला, लोकांसमोर बोलला, नवी मोटर आणतो म्हणाला. बाया शेततळ्यासारख्या डबक्यावर जायला लागल्या. डिसेंबरमध्ये सरकार गेलं, जानेवारीत डीसीई गेला. राष्ट्राध्यक्ष बदलला की देशभरातले सगळे डीसीई एका झटक्यात जातात. मधले काही महिने कचेरी सांभाळत होता तो कायमचा सरकारी अधिकारी. त्याला सगळं ठाऊक होतं, फक्त सहीचा अधिकार नव्हता. नवा डीसीई आला, फाइल पाहिली आणि मला स्पष्टच म्हणाला, हे आधीच्याचं ओझं आहे. काही महिन्यांनी त्याने जुन्या बोअरपासून दोनशे मीटरवर नवा बोअर मारला, हातपंप बसवला, नावाची पाटी लावली, फोटो काढले. ज्या मोटरसाठी गाव दहा महिने थांबलं होतं, तिला या बोअरच्या निम्म्याहून कमी पैसे लागले असते. त्याला वाईट माणूस म्हणवत नाही. तो कोणाला बांधील होता? त्याची नेमणूक अक्राहून झाली होती आणि पुढची बढतीही तिथूनच. गावाने त्याला पाडायचं म्हटलं तर गावाच्या हातात एकच मत, तेही थेट राष्ट्राध्यक्षाविरुद्ध, चार वर्षांतून एकदा. त्या एका अंगठ्यात महागाई, डॉलरचा भाव, पोराची नोकरी आणि ही मोटर सगळंच कोंबायचं.

सत्ता बदलते तेव्हा खाली काय होतं याचा आणखी एक नमुना आहे, थोडा वासाचा. घानाच्या शहरांत अनेक घरांत संडास नाहीत, त्यामुळे पैसे देऊन वापरायची सार्वजनिक शौचालयं हा रोकड्याचा धंदा. सरकार बदललं की जिंकलेल्या पक्षाची पोरं ही शौचालयं, गाडीतळ, टोलनाके यांचा ताबा घ्यायला धावतात. 2009 आणि 2017 या दोन्ही सत्ताबदलांच्या वेळी हे झालं, पक्ष वेगळे, प्रकार तोच. पेपरात बातमी राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीची येते, आणि बाजारातल्या बाईला सत्तांतर कळतं ते संडासाच्या दारावर पैसे घेणारा चेहरा बदलला यावरून.

मग निवडणुकांचा सेवांना काहीच उपयोग होत नाही का? होतो, आणि इथे प्रश्न विचारणाऱ्यांची गाडी चुकते. जी सेवा देशभर एका फटक्यात, प्रत्येक घराला सांगता येईल अशी देता येते, ती स्पर्धेमुळे येते आणि टिकतेही. पूर्वी दवाखान्यात आधी रोख पैसे भरा, मग उपचार, अशी पद्धत होती. लोक तिला 'कॅश अँड कॅरी' म्हणायचे. राष्ट्राध्यक्ष जॉन कुफुओर यांच्या सरकारने 2003 मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा केला आणि वस्तू-सेवांवर अडीच टक्के कर लावून त्याची सोय लावली. पुढे सत्ता तीनदा पालटली, विमा कोणी मोडला नाही. 2017 मध्ये अकुफो-अडोंनी उच्च माध्यमिक शिक्षण मोफत केलं. मुलं इतकी आली की 2018 पासून वर्गच पुरेनात, मग 'ग्रीन' आणि 'गोल्ड' अशा दोन पाळ्या कराव्या लागल्या. महामांच्या ज्या पक्षाने या योजनेवर तोंडसुख घेतलं, तोच आता सत्तेत बसून ती चालवतो आहे. उलट 2012 नंतरच्या भारनियमनाने, ज्याला ट्वी भाषेत 'डुमसोर' म्हणतात (डुम म्हणजे विझव, सोर म्हणजे पेटव), महामांचं 2016 चं आसन डळमळीत केलं. डिसेंबर 2022 मध्ये महागाई 54.1 टक्क्यांवर गेली, देशाने बहुतेक परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, आणि 2024 मध्ये त्याची किंमत बावुमियांच्या पक्षाने मोजली. घानाचा मतदार विसरत नाही.

मोटर बदलणं, गळती काढणं, नर्सला वेळेवर हातमोजे मिळणं, ही कामं मात्र भाषणात मावत नाहीत. देखभालीला फीत कापता येत नाही. म्हणून महामांच्या पहिल्या कारकिर्दीत 200 नव्या शाळांचं वचन निघालं आणि बऱ्याच इमारती अर्धवट राहिल्या. अकुफो-अडोंच्या काळात 'अजेंडा 111' नावाने रुग्णालयं सुरू झाली, आणि ते पायउतार झाले तेव्हा त्यातलीही बहुतेक अपुरी होती. घानातल्या 14,000 हून अधिक छोट्या सरकारी कामांचा एक अभ्यास झाला आहे. त्यात सुरू झालेल्या कामांपैकी सुमारे एक-तृतीयांश कधीच पुरी होत नाहीत असं निघालं, आणि स्थानिक संस्थांच्या भांडवली खर्चाचा जवळपास पाचवा हिस्सा अशा कामांत अडकतो. मला त्या आकड्याचं नवल वाटलं नाही. कमरेइतक्या भिंती आणि मधून उगवलेला कडुनिंब, अशा वर्गखोल्या मी मोजायच्या सोडून दिल्या होत्या. लोक म्हणतात, भ्रष्टाचार. असतोच. पण जास्त वेळा असं होतं की असेंब्लीत प्रत्येकाला आपल्या भागात नवं काम हवं, पैसा तेवढाच, आणि जुन्या कामाचं तिसरं रनिंग बिल निघेपर्यंत ठेकेदार सामान उचलून गेलेला.

पैसाही वेळेवर येत नाही. घटना म्हणते, देशाच्या महसुलाचा किमान 5 टक्के भाग असेंब्लींच्या सामायिक निधीत गेला पाहिजे. 2017 मध्ये कायदा करून अशा सगळ्या राखीव निधींवर एकत्र मर्यादा घातली, त्यात तेव्हा हा निधीही आला आणि आरोग्य विम्याचाही. शिवाय हप्ते उशिरा. त्यामुळे असेंब्लीचं अंदाजपत्रक मी कधी गंभीरपणे वाचलं नाही, फक्त बँकेत काय आलं ते विचारायचो.

आणि नेता? नेत्याने फरक पडतो, पण कुठे पडतो ते पाहा. अवैध सोन्याची खोदाई, 'गलामसे', हे उत्तम उदाहरण. 2017 मध्ये अकुफो-अडो म्हणाले, यासाठी मी माझं पद पणाला लावायला तयार आहे. 2020 मध्ये खाणपट्ट्यात त्यांच्या पक्षाच्या जागा गेल्या, आणि पुढे तो जोर राहिला नाही. खोदणारी पोरंही मतदारच असतात. ऑगस्ट 2024 मध्ये प्रा नदीवरच्या सेक्येरे हेमांग जलशुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या पाण्याची गढूळता 14,000 एनटीयूवर (हे गढूळतेचं माप) गेली. केंद्राची रचना 2,000 साठी. पिण्याच्या पाण्याला आम्ही 5 चा आकडा धरतो. 14,000 म्हणजे पाणी नव्हे, पातळ चिखल. केप कोस्टकडचा पुरवठा त्यावर अवलंबून. इथे नेता हटवून भागत नाही, कारण नदी गढूळ करण्याला मतं आहेत आणि ती स्वच्छ ठेवण्याला पुरेशी नाहीत.

महामा परत आल्यावर सामायिक निधीचा किमान 80 टक्के भाग थेट असेंब्लींना द्यायचं धोरण जाहीर झालं आहे. चांगलं आहे. पण डीसीई अजून वरूनच येतो, तेव्हा मी टाळ्या राखून ठेवतो.

तुम्ही तिकडे जाणार असाल तर अक्रात ज्युबिली हाउस बाहेरून जरूर बघा. राष्ट्राध्यक्षांचं ते कार्यालय भारताच्या कर्जातून मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने बांधलं आहे. नंतर मात्र कुठल्याही जिल्ह्यात जाऊन पाणी समितीची वही मागा.

आमच्या त्याच गावात, मोटरचं रामायण संपल्यावर, समितीच्या सचिवाने एक गोष्ट सुरू केली. महिन्याचा जमाखर्च एका कागदावर लिहून तो शाळेच्या भिंतीला चिकटवायचा. शिक्षकच होता तो, आणि 2020 ला त्या गावाची पिंक शीट लागली तीच भिंत त्याने निवडली. पहिल्या महिन्यात कोणी ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या महिन्यात एका कोंडाळ्यावरच्या बाईने पोराकडून तो वाचून घेतला आणि बैठकीत उभं राहून विचारलं, मोटरसायकलचं टायर महिन्यात तीनदा पंक्चर कसं होतं? खजिनदार चिडला, खुर्ची सरकवून उठला, परत बसला. दोन तास तेच चाललं. तिसऱ्या महिन्याच्या कागदावर पंक्चर एकच होतं.